बर्फ पायाखालून सुटतो

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



काश्मीर पाहून आलेल्या माणसाला गुलमर्गचं काय आठवतं असं विचारलं, तर तो बहुधा गोंडोलाचं नाव घेतो. तारेवरून सरकत जाणाऱ्या त्या केबिनचा पहिला टप्पा गुलमर्गहून कोंगदूरीपर्यंत आणि दुसरा कोंगदूरीहून अफरवात पर्वताच्या खांद्यापर्यंत जातो. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, दुसरा २००५ मध्ये. गुलमर्गची उंची साधारण २६५० मीटर, तर वरच्या स्थानकाची ३९०० मीटरांहून जास्त. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहूनही उंच. बाराशे-तेराशे मीटरांची ही चढण माणूस बसल्या बसल्या पार करतो.

वर पोचल्यावर सहलीची मंडळी फोटो काढतात, एकमेकांना बर्फाचे गोळे मारतात आणि गारठून थोड्या वेळात खाली येतात. पण त्याच केबिनमधून आणखी एक प्रकारची मंडळी वर आलेली असतात. पाठीवर पिशवी, खांद्यावर स्की. ती धारेने चालत जातात, आखून दिलेली हद्द ओलांडतात आणि पलीकडच्या कोऱ्या उतरणीवर स्वतःला सोडून देतात. तिथे यंत्राने बर्फ दाबून केलेली वाट नसते, दिशा दाखवणारे खांब नसतात, गस्तही नसते. इंग्रजीत याला बॅककंट्री स्कीइंग म्हणतात, आपण रानातलं स्कीइंग म्हणू. गुडघाभर, कधी मांडीभर भुसभुशीत ताजा बर्फ आणि त्यावर उमटणारी पहिली रेघ आपली, हा त्यातला आनंद. त्यासाठी रशिया, पोलंडपासून माणसं गुलमर्गला येतात, आणि आता आपल्याकडची तरुण मुलंही जाऊ लागली आहेत.

आज मला बोलायचं आहे ते या हद्दीपलीकडच्या बर्फाबद्दल. तो केव्हा कोसळतो, का कोसळतो आणि त्यात माणसाचा हात किती असतो, याबद्दल. आपल्यापैकी अनेकांनी स्की हातातही घेतली नसेल. पण थंडीत हिमालयात ट्रेकला किंवा सहलीला जाणारी आपली माणसं थोडी नाहीत. त्यांनाही हे ठाऊक असलेलं बरं.

हिमस्खलनाबद्दल आपल्या मनात एक चित्र पक्कं बसलेलं असतं. दूर शिखरावरून पांढरा लोंढा सुटतो आणि खाली बेसावध उभ्या असलेल्या माणसांना गिळतो. चित्रपटांत तर नायकाने हाक मारली तरी डोंगर कोसळतो. यातलं हाकेचं सोडून द्या. माणसाच्या आवाजाने हिमस्खलन होत नाही. वरून अवचित येणारे लोंढे असतात, नाही असं नाही. पण युरोप आणि अमेरिकेत स्कीइंग करणाऱ्यांच्या अपघातांची वर्षानुवर्षांची नोंद आहे आणि ती वेगळंच सांगते. दर दहा जीवघेण्या अपघातांपैकी सुमारे नऊ वेळा तो बर्फ सुटला, तो सापडलेल्या माणसाच्या किंवा त्याच्याच सोबत्याच्या वजनाने. म्हणजे बर्फ पायाखालून सुटलेला असतो.

ही गोष्ट ऐकायला कठोर वाटते, पण तिच्यात मोठा दिलासाही आहे. जे आपल्या पावलाने घडतं, ते आपल्या पावलाने टाळताही येतं. भूकंपाबद्दल असं म्हणता येत नाही.

आता हा बर्फ सुटतो कसा ते पाहू. ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला सुट्या बर्फाचा. एका ठिकाणी थोडा बर्फ घसरतो, जाता जाता आजूबाजूचा बर्फ सोबत घेतो आणि खाली पसरत जातो. पोत्यातून धान्य ओतावं तसा. हा बहुधा आपल्या पुढे, खालच्या बाजूला सुटतो. दुसरा प्रकार लादीचा, आणि स्की करणाऱ्यांचे बळी घेतो तो मुख्यतः हाच. इथे बर्फाचा वरचा थर एकसंध झालेला असतो. तो फार टणक असायला हवा असंही नाही, मऊ थरही एकमेकाला धरून असतो. त्या थराखाली एक कच्चा थर असतो. माणसाच्या वजनाने कच्चा थर एका जागी मोडला की ती मोड क्षणार्धात चहूकडे पळते, वरची लादी तडकते आणि सगळीच्या सगळी खाली निघते. तडा बऱ्याचदा आपल्या वरच्या बाजूला गेलेला असतो. आपण लादीच्या मधोमध उभे असतो आणि पायाखालची जमीनच चालू लागते.

आकाराचा अंदाज यावा म्हणून साधा हिशेब करू. समजा, पन्नास मीटर रुंद, ऐंशी मीटर लांब आणि अर्धा मीटर जाड अशी लादी सुटली. डोंगराच्या मानाने ही फार मोठी नव्हे. दोन हजार घनमीटर बर्फ झाला. घनमीटरला दोनशे किलो धरले तरी चारशे टन होतात. दहा टनी ट्रक भरायचे म्हटले तर चाळीस ट्रक. अर्धा मीटर म्हणजे गुडघ्याएवढा बर्फ. त्यात काय बुडायचं, असं पाहणाऱ्याला वाटतं. पण तो खाली एखाद्या घळीत साचला की दोन-तीन मीटरांचा ढीग होतो आणि थांबताक्षणी ओल्या सिमेंटसारखा आवळतो. आत असलेल्या माणसाला बोटही हलवता येत नाही.

मग हा कच्चा थर येतो कुठून? बर्फ एकदा पडला की तसाच राहतो असं आपण समजतो. प्रत्यक्षात तो रोज बदलत असतो. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास राहतो, कारण जमिनीत थोडी ऊब असते. वरची हवा मात्र उणे दहा, उणे पंधरापर्यंत उतरते. या फरकामुळे बर्फाच्या आतल्या आत वाफ खालून वर सरकते आणि जाता जाता कणांचा आकार बदलते. मूळचे एकमेकांत गुंतलेले कण जाऊन त्यांच्या जागी टोकदार, कोरडे, सुटे स्फटिक तयार होतात. मुठीत घेतले तर जाड्या साखरेसारखे ओघळून जातात, त्यांचा गोळा होत नाही. साखरेच्या थरावर फळी ठेवून ती तिरकी केली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

यात एक मजेदार गोष्ट आहे, जिच्यामुळे भलेभले फसतात. दर दहा सेंटिमीटरला साधारण एक अंशापेक्षा जास्त फरक असला की साखर होऊ लागते. आता पन्नास सेंटिमीटर बर्फ असेल, खाली शून्य आणि वर उणे पंधरा असेल, तर दर दहा सेंटिमीटरला तीन अंश पडतात. भरपूर झाले. तोच बर्फ दोन मीटर असेल, तर पाऊणच अंश पडतो. म्हणजे बर्फाचा थर जितका पातळ, तितका तो आतून लवकर कच्चा होतो. ‘यंदा बर्फ कमी आहे, तेव्हा धोकाही कमी’ हा आपला हिशेब इथे उलटा पडतो. कमी बर्फाचा हिवाळा आणि त्यानंतर एकदम मोठी बर्फवृष्टी, ही जोडी सर्वांत वाईट.

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस कडाक्याच्या थंडीचे धरतात. त्याला चिल्लई कलान म्हणतात. पुढे वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि शेवटी दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. या चाळीस दिवसांत ढग नसले की रात्री अतिशय स्वच्छ आणि थंड असतात. सकाळी बर्फाच्या पृष्ठभागावर पिसांसारखे चमचमणारे स्फटिक दिसतात. आपल्याकडे गवतावर दव पडतं, तसं हे गोठलेलं दव. दिसायला इतकं सुंदर की त्याचे फोटो काढल्याशिवाय राहवत नाही. पण त्यावर पुढची बर्फवृष्टी झाली आणि ते तसंच गाडलं गेलं, तर तो कित्येक दिवस टिकणारा कच्चा थर होतो. वरून काहीच दिसत नाही. पंधरवड्यापूर्वीची ती सुंदर सकाळ आता दोन फूट खाली असते.

खाली कच्चा थर असला, तरी त्यावर भार पडावा लागतो. भार येतो दोन वाटांनी. पहिली, अर्थात, नवी बर्फवृष्टी. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ, ज्यांची नावं आपण हवामानाच्या बातम्यांत ऐकतो, ते पीर पंजाल रांगेला धडकतात आणि गुलमर्गला एका फेरीत दोन-दोन, तीन-तीन फूट बर्फ टाकून जातात. दुसरी वाट वाऱ्याची. तिच्याकडे नवख्या माणसाचं लक्ष जात नाही, कारण आभाळ निरभ्र असतं. वारा धारेच्या एका अंगाचा बर्फ उचलतो आणि दुसऱ्या अंगाला आणून टाकतो. आडोशाच्या बाजूला काही तासांत मोठा भार चढतो आणि तो दाबलेला, एकसंध, म्हणजे लादीचाच बर्फ असतो. धारेच्या टोकाशी घराच्या वळचणीसारखी बर्फाची पुढे आलेली पट्टी दिसली, तर समजावं की वारा कुठून कुठे वाहिला आणि बर्फ कुठे साचला. त्या वळचणीवर उभं राहू नये आणि तिच्याखालीही थांबू नये.

तिसरी गोष्ट उताराची. लादी सुटायला उतार साधारण तीस अंशांहून जास्त लागतो, आणि बहुसंख्य हिमस्खलनं तीस ते पंचेचाळीस अंशांच्या दरम्यान होतात. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा साचतच नाही, पडता पडता झडतो. दैव असं की स्कीइंगची खरी मजाही याच तीस ते पंचेचाळीसच्या पट्ट्यात असते. उतार डोळ्यांनी मोजू नये, डोळा हमखास फसतो. त्यासाठी छोटं कोनमापक मिळतं, मोबाइलमध्येही सोय असते. बर्फाच्या पोटात काय दडलं आहे ते नेमकं सांगणं जाणकारालाही अवघड जातं. उतार मात्र कुणालाही मोजता येतो. ज्या दिवशी बर्फाची खात्री नाही, त्या दिवशी तीस अंशांच्या आतल्या उतरणीवर राहावं. फक्त आपल्या डोक्यावर उभा उतार नाही ना, एवढं पाहावं, कारण वरची लादी खालच्या सपाटीवरही येऊन पोचते.

हे सगळं पुस्तकी वाटू नये म्हणून गुलमर्गच्याच तीन घटना सांगतो. ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्ग भागात लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे जवान प्रशिक्षण घेत असताना हिमस्खलन झालं आणि १७ जवान मृत्युमुखी पडले. बर्फात वावरण्याचं शिक्षण देणारी ही देशातली नावाजलेली संस्था आहे. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवातवरच्या हापतखुद भागात परदेशी स्कीअरांच्या तुकड्या सापडल्या. एकवीस परदेशी आणि त्यांच्यासोबत दोन स्थानिक गाइड होते. १९ परदेशी वाचले, पोलंडचे दोघे गेले. आधीच्या दोन-तीन दिवसांत तिथे जोरदार बर्फ पडला होता. २०२४ मध्ये तर गुलमर्गने वेगळाच हिवाळा पाहिला. जानेवारी जवळजवळ कोरडा गेला, जिथे कंबरभर बर्फ असायचा तिथे गवत दिसत होतं. मग फेब्रुवारीत मोठी बर्फवृष्टी झाली, आणि २२ फेब्रुवारीला हिमस्खलनात एक रशियन स्कीअर मरण पावला. त्याच्या सोबत्यांना वाचवण्यात यश आलं.

२०२३ आणि २०२४ च्या घटनांत एक साम्य आहे. आधी बर्फ पडून गेला होता, आणि त्यानंतर लगेचच्या दिवसांत माणसं उतरणीवर गेली. वादळ ओसरतं, ऊन पडतं, आभाळ निळंशार होतं, बर्फ कोरा असतो. रानातल्या स्कीइंगसाठी याहून चांगला दिवस नाही, असं मन सांगतं. आणि धोका सर्वांत जास्त असतो तो त्याच दिवशी, कारण नव्या भाराशी जुळवून घ्यायला खालच्या थराला वेळ मिळालेला नसतो. निदान एक-दोन दिवस थांबावं, हा जगभरच्या पर्वतांतला जुना शहाणपणा आहे. खाली साखरेचा थर असेल तर तेवढंही पुरत नाही, आठवडे जातात.

धोक्याचा अंदाज सांगणाऱ्या यंत्रणाही आहेत. स्वित्झर्लंडमध्ये दावोसला १९४२ मध्ये बर्फ आणि हिमस्खलनांच्या अभ्यासाची संस्था स्थापन झाली. आपल्याकडे संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेने १९६९ मध्ये मनालीला अशी संस्था सुरू केली. २०२० मध्ये ती दुसऱ्या एका प्रयोगशाळेत विलीन होऊन डिफेन्स जिओइन्फर्मेटिक्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंट झाली. तिच्या इशाऱ्यांच्या आधारे जम्मू-काश्मीरमधलं आपत्ती व्यवस्थापन खातं जिल्हावार सूचना देतं, की अमुक जिल्ह्यात अमुक मीटरांच्या वर पुढचे चोवीस तास धोका आहे. पण जिल्हा म्हणजे काही एक उतरण नव्हे. इशारा आपल्याला सावध करतो, आपल्या पुढ्यातल्या घळीचं उत्तर देत नाही. ते आपल्यालाच शोधावं लागतं.

युरोपात १९९३ पासून धोक्याच्या पाच पायऱ्या ठरलेल्या आहेत. पहिली सर्वांत कमी, पाचवी सर्वांत जास्त. सर्वाधिक माणसं कुठल्या पायरीला मरत असतील? पाचवीला, असं आपण म्हणू. पण नाही. चौथ्या-पाचव्या पायरीला बहुतेक माणसं घरातच बसतात. जवळजवळ निम्मे बळी तिसऱ्या पायरीला जातात. तिसरी म्हणजे मधली, आणि मधली म्हणजे ठीकच असणार, अशी मनाची समजूत होते. प्रत्यक्षात तिसऱ्या पायरीचा अर्थ असा, की अनेक उतरणींवर एका माणसाच्या वजनानेही लादी सुटू शकते.

डोंगरही आपल्या परीने सूचना देत असतो. आजूबाजूच्या उतरणींवर ताजी हिमस्खलनं झालेली दिसली, तर त्याहून स्पष्ट भाषा नाही. स्की टेकवताच बर्फाला तडे पळताना दिसले, तर परत फिरावं. चालताना पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज होऊन सगळा बर्फ किंचित बसल्यासारखा वाटला, तर आपण कच्चा थर मोडला आहे. उतार कमी म्हणूनच आपण अजून उभे आहोत. एकदम ऊन तापलं, बर्फाचे गोळे आपोआप खाली घरंगळू लागले, तरी काढता पाय घ्यावा. फेब्रुवारीच्या शेवटापासून पुढे पीर पंजालमध्ये दुपारच्या उन्हात बर्फ पाणी धरतो. म्हणून त्या दिवसांत पहाटे निघून दुपारच्या आत खाली यायची पद्धत आहे.

इतक्या खुणा असताना माणसं जातात कशी? याचा अभ्यास इयन मॅकॅमन या अमेरिकन संशोधकाने केला. सातशेहून अधिक अपघात त्याने तपासले. त्याला दिसलं ते असं, की सापडलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी हिमस्खलनाचं शिक्षण घेतलेलं होतं आणि धोक्याच्या खुणाही समोर होत्या. त्यांना फसवलं होतं माणसाच्या नेहमीच्या सवयींनी. ही उतरण ओळखीची आहे, मागच्या वर्षी आलो होतो. इतके पैसे खर्च करून आलो, रजेचा शेवटचा दिवस आहे. गटातला अनुभवी माणूस काही बोलत नाही, म्हणजे ठीक असेल. आणि शेवटी, आपल्या आधी कुणीतरी गेलेलं आहे, त्याच्या स्कीची रेघ समोर दिसतेच आहे.

या शेवटच्या सवयीबद्दल थोडं सांगायला हवं. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ असं आपण म्हणतो. पण पुढच्याला ठेच लागलीच नाही, तर मागच्याला त्यातून शहाणपण मिळत नाही. लादीची जाडी सगळीकडे सारखी नसते. जाड जागेवरून पाच जण गेले, तर त्यांचं वजन कच्च्या थरापर्यंत पोचतच नाही. सहावा चार हात बाजूने, पातळ जागेवरून जातो आणि सगळी उतरण सुटते. पहिल्या पाचांच्या रेघांनी फक्त एवढंच सांगितलं होतं, की ते पाच जण वाचले.

आता समजा, सगळं करूनही अपघात झालाच. तर पुढचा हिशेब मिनिटांचा आहे. स्वित्झर्लंडमधल्या चाळीस वर्षांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. बर्फाखाली पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी ज्यांना दहा मिनिटांच्या आत बाहेर काढलं, त्यांतले दहापैकी नऊ जण जगले. अर्ध्या तासाशी हे प्रमाण तिघांत एकाच्या आसपास येतं. बहुतेक मृत्यू थंडीने होत नाहीत, गुदमरून होतात. दहा मिनिटांत हेलिकॉप्टर येत नाही, पोलीस येत नाहीत, गस्त पथकही येत नाही. येऊ शकतो तो फक्त आपल्या बाजूला असलेला सोबती.

म्हणून रानात स्कीइंग करणाऱ्या प्रत्येकाकडे तीन वस्तू असायलाच हव्यात. पहिली, अंगावर बांधायचं छोटं रेडिओ यंत्र, ज्याला ट्रान्सीव्हर म्हणतात. ते सतत संदेश सोडत असतं. सोबती गाडला गेला की बाकीचे आपली यंत्रं ऐकण्यावर लावतात आणि त्याला हुडकतात. जगभर ही यंत्रं ४५७ किलोहर्ट्झवर चालतात. आपण रेडिओवर मध्यम लहरी लावतो ना, त्या पट्ट्याच्या किंचित खाली. दुसरी वस्तू, घडीची लांब सळई. माणूस नेमका कुठे आणि किती खोल आहे, ते टोचून पाहण्यासाठी. तिसरी, फावडं, तेही धातूचं. तिन्हींपैकी एक नसेल तर उरलेल्या दोन निरुपयोगी. आणि तिन्ही असून सराव नसेल तर तिन्ही निरुपयोगी. हल्ली पाठीवरच्या पिशवीत फुगणारी हवेची उशीही मिळते. तिने माणूस बर्फाच्या वर राहण्याची शक्यता वाढते, पण झाडावर, खडकावर आपटण्यापासून ती फारसं वाचवत नाही.

याच हिशेबातून उतरणीवरची शिस्त आली आहे. संशयाच्या जागेवरून एका वेळी एकानेच जायचं. बाकीच्यांनी सुरक्षित जागी उभं राहून त्याच्यावर नजर ठेवायची, म्हणजे बर्फ सुटलाच तर एकच सापडेल आणि शोधायला बाकीचे मोकळे राहतील. सोबती शेवटचा कुठे दिसला ती जागा डोळ्यांनी धरून ठेवायची. खणताना थेट डोक्यावर न खणता उताराच्या खालच्या बाजूने आत शिरायचं आणि आधी नाक-तोंड मोकळं करायचं. ही शिस्त पाळणारा गट पाहिला की ओळखू येतो. तो जरा कमी गप्पा मारतो आणि उतरणीच्या मधोमध गोळा होऊन फोटो काढत नाही.

स्की न करणाऱ्यांनाही यातली एक गोष्ट थेट लागू आहे, आणि ती म्हणजे हद्द. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये गंगटोकहून नथुलाला जाणाऱ्या रस्त्यावर हिमस्खलन होऊन सात पर्यटक गेले. परवाने तेराव्या मैलापर्यंतचे होते. अपघात पंधराव्या मैलापाशी झाला. गुलमर्गलाही वारा किंवा धोका वाढला की गोंडोलाचा वरचा टप्पा बंद ठेवतात. तेव्हा खिडकीपाशी वाद घालणारे प्रवासी असतात. तिकीट काढलंय, पुन्हा कधी येणार, असं त्यांचं म्हणणं. बंद करणाऱ्याने त्या दिवशी काय पाहिलं आहे, हे विचारायचं मात्र कुणाला सुचत नाही.

शेवटी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे, ती गुलमर्गच्या गाइडबद्दल. ही मुलं टंगमर्ग आणि आसपासच्या गावांतली. त्यांचं पोट या तीन महिन्यांवर चालतं. अफरवातची प्रत्येक नाळ, प्रत्येक सोंड त्यांना पाठ असते. ‘साहब, आज नहीं,’ असं गाइडने सकाळी म्हटलं, की दुरून आलेल्या पाहुण्याचा चेहरा पडतो. काही जण दुसरा गाइड शोधतात. काही जण जास्त पैसे पुढे करतात. त्याच्या ‘नाही’मुळे त्याची दिवसाची मजुरी बुडत असेल, तर आपण त्याच्यापुढे फार कठीण निवड ठेवतो. आणि तो चुकून ‘हो’ म्हणाला, तर आपल्याबरोबर तोही त्याच उतरणीवर असतो.

तेव्हा तुम्ही, तुमची मुलं, तुमचे मित्र अशा जागी जाणार असतील, तर निघण्याआधीच गाइडला सांगून ठेवा, की डोंगरावर गेलो नाही तरी तुझे पैसे ठरल्याप्रमाणे मिळतील. मग त्याला तीन प्रश्न विचारा. गेल्या तीन दिवसांत बर्फ किती पडला? वारा कुठून होता? आणि आज तू तुझ्या धाकट्या भावाला इथे नेशील का? तिसऱ्या प्रश्नावर तो क्षणभर थांबला, तर त्या दिवशी खालच्या, सौम्य उतरणीवर खेळा, पोटभर कहवा प्या आणि परत या.